बारीक चौकोनांचा पाऊस

तेरच्या एसटीत शेजारच्या सीटवरची पोरगी मांडीवरच्या लॅपटॉपकडं बघत नखं खात होती. मराठवाड्याच्या नकाशाचे बारीक चौकोन पाडून तिनं संगणकाला पावसाचं गणित घातलं होतं.

“मागचा पाऊस बरोबर दाखवला, तरच पुढचा सांगायला तोंड राहील, आजी.”

नकाशा उघडला. तेर निळं, बेंबळी कोरडी.

“गेल्या पोळ्याला असंच झालं होतं?”

“व्हय. आमच्या तेरला धो धो पडला. बेंबळीत माझी लेक दिलीय, तिथं थेंब नाही म्हणून फोनवर लई चिडली होती.”

पोरगी उडालीच. डोकं सामानाच्या फळीला आपटलं, तरी हसत होती.

मग मीही सांगून टाकलं. नवी नवरी असताना रेडिओवर ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ ऐकून मी शहाणीनं मालकांना विचारलं होतं, “हे तुरळक कुठल्या तालुक्यात?”

ती पोट धरून हसली. “आजी, तेच गाव शोधतेय मी.”