राबात गेलेला दस्ता

माझ्या सासऱ्यांनी माझ्या रायफलीचा दस्ता जाळला, आणि त्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती.

मला जुन्या लाकडी रायफलींचं वेड आहे. पूर्वी पोलिसांच्या खांद्यावर असायची ती थ्री-नॉट-थ्री म्हणजे माणसाच्या हातून घडलेली सगळ्यात देखणी वस्तू, असं माझं प्रामाणिक मत आहे (ताजमहाल मी पाहिलेला नाही). ती सामान्य माणसाला बाळगता येत नाही. म्हणून वडिलांच्या मागे त्यांचा शेतसंरक्षणाचा परवाना माझ्या नावावर झाला, तेव्हा मी तिच्याच घाटाची, जरा वेगळ्या काडतुसाची एक जुनी रायफल शोधून काढली. अक्रोडाचा दस्ता, त्याला पितळी पट्टी, आणि बोल्ट मागे ओढला की असा काही खणखणीत आवाज, की आपण उगाच जव्हारच्या बाजारात दुकान मांडून कापड फाडत बसलो असं वाटावं! हल्लीच्या काळ्या प्लास्टिकच्या बंदुकांकडे मी ढुंकूनही बघत नाही. (त्यांच्या किमतीही बघत नाही.)

आता झाडण्याचं म्हणाल, तर वर्षातून एकदा दरडीपुढे मडकं ठेवून मी पाच गोळ्या झाडतो. तो जळका वास, खांद्याला बसणारी ती मर्दानी लाथ, मग चार दिवस मिरवायचा निळा वळ... अहाहा! मडकं मात्र आठ वर्षं तेच आहे. माझी बायको सुनंदा ते घरी आणून त्यात परत पाणी भरते.

तर गेल्या निवडणुकीत हुकूम आला की परवानाधारकांनी सोमवारी दुपारपर्यंत आपापली हत्यारं ठाण्यात जमा करावीत. दोन महिने ठाण्याच्या ओलसर खोलीत! लाकूड फुगलं तर? शिवाय रविवारी आम्हाला सासुरवाडीला, पोशेऱ्याला जायचं होतं आणि रिकाम्या घरात रायफल ठेवणं मला पटेना. मी ती बरोबर घेतली. तिथल्या कडक उन्हात दस्त्याला मोहाच्या बियांचं तेल पाजायचं ठरवलं.

"अहो, माझ्या डोक्याला तेल नाही उरलं," सुनंदा म्हणाली.

"तुझं डोकं काय जमा करायचंय का ठाण्यात?"

पोशेऱ्याला पोचल्यावर मी लांब पेचकसाने दस्ता वेगळा केला, तेलात न्हाऊ घातला आणि वाळवायला जागा शोधू लागलो. अंगणात कोंबड्या. ओट्यावर कुत्रा. घराखालच्या तुकड्यात मात्र कुणीतरी डहाळ्या, पाला, शेण असं छान गादीसारखं पसरून ठेवलं होतं. ऊनही भरपूर. मी दस्ता त्या गादीवर अलगद निजवला आणि स्वतः नागलीच्या भाकरीवर सुकट हाणून घरात आडवा झालो.

ती गादी म्हणजे राब होता. भाताचं रोप टाकायच्या आधी आमच्याकडे जमीन अशी पाल्यापाचोळ्याने भाजून घेतात, म्हणजे रोप जोमदार येतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दुकानदाराच्या पोराने राब पाहिलेला असतो तो लांबून, धूर निघताना. न पेटवलेला राब कसा दिसतो हे मला कधी कुणी दाखवलंच नव्हतं!

जाग आली ती धुराने. बाहेर येऊन बघतो तर सासरे हातात ओली डहाळी घेऊन बांधावर उभे, आणि अख्खा तुकडा धडाडून पेटलेला.

"मामा! माझा दस्ता! तिथे लाकूड ठेवलं होतं!"

"व्हतं ना," मामा शांतपणे म्हणाले. "मी बघितला. वर जरा गवात टाकला मंग."

"बघितलंत? आणि तरी पेटवलं?"

"तेलाचा लाकूड, बेस पेटला. मला वाटला तुमी राबाला दिला." मामांचा आवाज जरा ओला झाला. "बारा वर्सांत जावयानं पैल्यांदा शेताला काय तरी दिला. आता त्याला नको कसं म्हनाचा?"

मी खाली बसलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच धुराचं नव्हतं. राख उपसून पितळी पट्टी तेवढी मिळाली. उद्या दुपारी ठाण्यात नुसती नळी घेऊन गेलो तर? मोडकं हत्यार, मग चौकशी, मग नोटीस. वडिलांनी चाळीस वर्षं सांभाळलेला परवाना मी पाल्यापाचोळ्यात घालवला होता.

मामांनी हे सगळं सुनंदाकडून ऐकून घेतलं. मग आढ्यावरून तिवसाचं एक लाकूड काढलं. ते त्यांनी नव्या नांगरासाठी तीन वर्षं वाळवत ठेवलं होतं. वाकस घेतला, गिरमिट घेतलं आणि अंधार पडेपर्यंत त्याचा दस्ता तासत बसले. मी दर दहा मिनिटांनी सूचना करत होतो. "मामा, इथे जरा गोलाई..."

"पाव्हणं, तुमी च्या घ्या," ते म्हणायचे. सात कप झाले.

सोमवारी सकाळी आम्ही ठाण्यात हजर. हवालदारांनी नंबर जुळवला, बोल्ट ओढून पाहिला आणि दस्त्यावर येऊन थबकले.

"हे काय? नांगर जमा करायचा हुकूम नाही आलेला."

मी राबाची हकिगत सांगितली. ते इतके हसले की आतून साहेब डोकावले. मग हवालदार डोळे पुसत म्हणाले, "रिकामी आहे. खांद्याला लावून दाखवा, पक्की बसलीये का ते. नाहीतर उद्या म्हणाल ठाण्यात खिळखिळी झाली."

मी ऐटीत लावली आणि माझाच अंगठा माझ्या नाकावर आदळला. दस्ता चांगला चार बोटं आखूड! "मामांचं माप चुकलं," मी नाक चोळत म्हणालो.

"नाही चुकलं," सुनंदा म्हणाली. "माझ्या हाताचं घेतलं त्यांनी."

"तुझ्या? का?"

"बाबांनी विचारलं, ही बंदूक उचलतं कोण? मी सांगितलं."

(एक सांगायचं राहिलं. सडकेपासून मामांच्या घरापर्यंतची चढण रायफल तिनेच खांद्यावरून आणली होती. मला दम लागतो. ठाण्यात येतानाही तिनेच. आणि दरवर्षी त्या दरडीपर्यंतही.)

हवालदारांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या नाकाकडे पाहिलं, पावती फाडली आणि सरळ तिच्या हातात दिली.

"ताई, निकाल लागला की येऊन घेऊन जा," ते म्हणाले. "आणि यांना आणा बरोबर. सहीला लागतील."