छाप, आडनाव आणि सरायीतली खोली

आठवडाभर कंपनीत नटबोल्ट आवळायचे आणि सुट्टीच्या दिवशी सणसवाडीत माझ्या खोलीवर बसून कागदावरचे राक्षस मारायचे, असा आम्हा चौघांचा उद्योग. एकजण खेळ चालवणार, बाकी तिघांनी एकेक वीर तयार करायचा, त्याच्या सहा गुणांना आकडे द्यायचे आणि वीस बाजूंचा फासा टाकत पुढं जायचं. ताकद, चपळाई, दम, अक्कल, शहाणपण आणि शेवटी बिचारी छाप, म्हणजे बोलून समोरच्याला गार करायची कला. बोलून काय राक्षस मरतोय व्हय, म्हणत दोघांनी आपला सगळ्यात पडका आकडा छापेला दिला. मी सगळ्यात मोठा दिला. बोलणाऱ्याची माती खपते, असं आमचे आबा म्हणायचे, आणि माझ्याकडं खपवायला दुसरं होतं तरी काय.

माझा वीर राक्षसाशी गोड बोलायचा आणि मार खायचा. खेळ चालवणाऱ्याला दया आली. हा मांडवगण फराट्याचा, घरचा ऊस, सणसवाडीत वडलांच्या, म्हणजे आप्पांच्या, भाड्याच्या खोल्या. दिलदार माणूस. छापेला किंमत यावी म्हणून त्यानं वहीत घरचा नियम लिहिला. गावात शिरलं की सरायवाला गाव आणि आडनाव विचारणार, मग छापेवर फासा टाकायचा. जिंकला त्याला खोली, हरला तो उघड्यावर. खेळ खरा वाटला पाहिजे, म्हणाला.

खरा वाटायला मला वेगळा खेळ नको होता. घरमालकाला माझ्या खोलीत दुकान काढायचं होतं, महिनाअखेर ती सोडायची होती. पाच दारं फिरून झाली होती. रूम खाली हाय, बसा, चहा घ्या. मग आडनाव. ते सांगितलं की मालकाचा भाऊ गावावरनं राहायला येणार असायचा. पाच मालकांचे पाच भाऊ एकाच महिन्यात, सणसवाडीत मावणार तरी कुठं? या दिलदारालाही खोलीचं सांगून पंधरा दिवस झाले होते. आप्पांना विचारतो, म्हणाला होता.

माझा वीर सरायीच्या दारात उभा राहिला. गाव विचारलं, मी निमोणे सांगितलं. आडनावही माझंच सांगितलं. फासा टाकला, वीस पडले. खोली मिळाली, खेळ चालवणारा खुशीत म्हणाला. माझं डोकंच फिरलं.

"आडनाव ऐकल्यावर फासा टाकू कोण देतं रे? तुझ्या आप्पांच्या दारात किती छाप लागती?"

त्यानं वही जवळ ओढली.

"आप्पा जुन्या वळणाचे हायत. मी काय करू?"

मग त्यानं तो नियम खोडला. पट्टी धरून, नीट.

आता आमच्या खेळात कुणी कुणाला आडनाव विचारत नाही. महिनाअखेरीला माझं सामान निमोण्याला परत न्यायचं होतं, तेव्हा टेम्पोत चढवायला सगळ्यात आधी तोच आला. दिलदार माणूस.