नाल्यापलीकडचा तांडा

इंग्रज सरकारने वाशिम जिल्हा मोडून अकोल्यात घातला, पण आमच्या आतोबांनी त्याला शेवटपर्यंत मंजुरी दिली नाही. आत्याचे हे यजमान मानोऱ्याकडच्या एका खेड्याचे पटवारी. पत्रावर ते ठळक अक्षरात 'जिल्हा वाशिम' लिहीत आणि पत्र उशिरा पोचलं की टपालखात्याच्या अज्ञानाची कीव करत. पाहुणा पाटावर बसला की त्याचं गाव कुठे येतं हे त्यालाच समजावून सांगत, तोवर भाकर निवून जाई. नकाशा त्यांना तोंडपाठ होता. गावची शीव म्हणजे पूर्वेचा नाला. पलीकडे यवतमाळ जिल्हा. एकदा त्यांची म्हैस नाल्यात उभी राहून पलीकडचं गवत खात होती. तिला हाका म्हणून आत्या ओरडली, तर हे शांतपणे म्हणाले, "तोंड यवतमाळात हाय, पन कास आपल्या जिल्ह्यात हाय. दुधाले कोनी हात लावू शकत नाही." आम्ही पोट धरून हसलो होतो.

एका उन्हाळ्यात पटकीची साथ आली. मी तेव्हा त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. विहिरींत टाकायच्या लाल दवेच्या पुड्या सरकारातून आल्या होत्या, गावच्या हद्दीतल्या विहिरींसाठी. नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. त्याचा नाईक पुडी मागायला आला. तांड्यात दोन माणसं दगावली होती. आतोबांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की तुझी विहीर यवतमाळात पडते, तिकडच्या पटवाऱ्याकडे जा. नकाशा उघडलाच नाही. तोंडपाठ असलेलं कोण उघडून बघतो? मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी नाईक परत आला. तिकडच्या पटवाऱ्याने नकाशा पसरून, साखळी टाकून जमीन मोजली होती आणि तांडा आपला नव्हे असं निघालं होतं. आतोबांनी कपाटातून नकाशा काढला. त्यावरचा नाला तांड्याच्याही पलीकडून वाहत होता. त्यांच्या वडिलांच्या काळात पुराने त्याचं पात्र अलीकडे सरकलं होतं; शीव मात्र जुन्या पात्रावरच राहिली होती. तांडा आमच्याच गावचा होता. आतोबा पुड्या घेऊन अनवाणी धावले आणि स्वतः विहिरीत दवा टाकली. तोवर आणखी पाच माणसं गेली होती. त्यांत नाइकाची लेक होती.

संध्याकाळी मृत्यूची नोंद करायला ते तांड्यातच बसले. नाईक म्हणाला, "लिवा साहेब. आता तं आमी तुमचेच ना?"

आतोबांनी सातही नावं लिहिली. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात पहिल्या दोघांपुढे 'पटकी' आणि पुढच्या पाचांपुढे 'पटवाऱ्याची चूक' असं लिहिलं. कचेरीतून दुरुस्तीसाठी वही दोनदा परत आली, दोनदा त्यांनी ती तशीच पाठवली. शेवटी तिथल्याच कोणीतरी ते खोडून 'पटकी' केलं. ते कळल्यावर आतोबांनी काम सोडलं.

पुष्कळ वर्षांनी मी त्यांना म्हटलं की चूक कोणाच्याही हातून होते, माणसं रोगाने मेली.

"पुड्या कोनाड्यात व्हत्या, बापू," ते म्हणाले. "मी बसलो व्हतो तिथून हात पुरत व्हता."

त्यांची थट्टा करण्यात माझी अर्धी सुट्टी जायची. त्या साथीनंतर थट्टा कधी जमली नाही. आता ते नाहीत, आणि कधीकधी वाटतं, तेव्हा करायला हवी होती. त्यांना थोडं हसू तरी आलं असतं.