कपटी म्हंजे काय

डाक्टरानं लाकडी पट्टी टेबलावर दाणकन आपटली. माझी धाकटी बहीण शेवंती कान दाबून खाली बसली.

"नाटक," डाक्टर म्हणाला. हसला. आणि मीबी हसले.

मीच. तिची अक्का.

शेवंती जंगल खात्याच्या सागाच्या रोपांवर मजुरीला हुती. चारचौघांत तितल्या साहेबाला म्हणाली, "काल तुमी येगळंच सांगितलं हुतं." खरंच हुतं ते. साहेबानं तिला काढली. डोकं ठिकाणावर असल्याचा डाक्टरी कागद आण म्हणाला. म्हणून गुंद गावासनं आमी तालुक्याला, जोयड्याच्या दवाखान्यात आलो हुतो.

"माझ्या डोळ्यांत बघ."

ती भिंतीकडं बघत ऱ्हायली.

"आई मेली तवा रडलीस?"

"न्हाई."

आई गेल्यावर शेवंती तीन दिस तिच्या रिकाम्या बाजल्यापाशी बसून हुती. अन्नाला शिवली न्हवती. मला ठावं हुतं. बोलले न्हाई. बाकावरची माणसं बघत हुती. मला लाज वाटत हुती, माझ्याच बहिणीची.

भाईर आल्यावर तिनं इचारलं, "अक्का, कागदात काय लिवलंय?"

कागद कानडीत हुता, मी कानडी वाचायला शिकलेली. "उद्धट. काळीज नसलेली. कपटी."

"कपटी म्हंजे काय?"

"आत एक, भाईर एक."

तिनं इचार केला. "मग ती तू. घरी मला गुणाची म्हनतीस. तितं हसलीस."

राग न्हवता. बस आली म्हणून सांगावं, तसं सांगितलं.

बस आलीबी. गेलीबी. मी माघारी फिरले.

डाक्टराला बाजल्याचं सांगितलं. म्हटलं, "कपट तिला येत न्हाई. म्हणून तर काम गेलं. कागदावरचा त्यो शब्द खोडा."

"तू मला शिकवणार?"

"व्हय."

त्यानं खोडलं न्हाई. मी कागद त्याच्या टेबलावर फाडला. काम गेलं ते गेलंच.

लई वर्सांनी एक डाक्टरीणबाई भेटली. पट्टी आपटली न्हाई. शेवंती ल्हान असताना कशी हुती, ते तासभर इचारत बसली. मग म्हणाली, "ही स्वमग्नता. जन्मापासूनची घडण आहे. स्वभावाचा बिघाड नव्हे."

नाव मिळालं. पण त्या दिशी हसले त्याची लाज गेली न्हाई. जाऊ नये.

अजून लोक म्हणतात, तिला जरा वाकायला शिकव. मी शिकवत न्हाई. तिच्याबद्दल कुणाला काय लिवायचं असंल, तर ते आदी तिला वाचून दावायचं. तवर मी त्याच्या दारातनं हलणार न्हाई.