बदलता येणारं तिकीट

इटालियन शिकवणाऱ्या मावशींच्या वर्गात पहिल्या दिवशी नमस्कार शिकवत नसत, तिकीट शिकवत. औरंगपुऱ्यात एका दुकानावरच्या खोलीत आम्ही सहा मुली बसायचो. सगळ्या इटलीला शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या. मोडून वाकडं बसलेलं नाक वर करून मावशी फळ्यावर देवनागरीत लिहायच्या, "व्होर्रेई उन बिल्येत्तो फ्लेस्सीबिले." मला बदलता येणारं तिकीट हवं आहे.

त्याखाली, "पोस्सो कांब्यारे लोरारिओ?" वेळ बदलता येईल का? आणि, "ए से पेर्दो इल त्रेनो?" गाडी चुकली तर? ही वाक्यं झोपेतून उठवून विचारली तरी आली पाहिजेत, असा त्यांचा हट्ट होता.

त्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. सासर फुलंब्रीचं. नवरा हाताला येईल त्याने मारायचा. पळून जायला त्यांनी चोरून रेल्वेचं तिकीट काढलं, ते त्याला सापडलं. गाडी सुटेपर्यंत त्याने त्यांना कोंडून ठेवलं आणि मग मुसळाने नाक फोडलं. "दुसऱ्या दिशी दार उघडं सापडलं, पर तिकीट मेलेलं," त्या म्हणाल्या. मग त्या शहरापर्यंत चालत आल्या. लेण्यांचा अभ्यास करणाऱ्या एका इटालियन बाईंकडे त्यांनी बरीच वर्षं स्वयंपाक केला आणि तिथेच भाषा उचलली.

एका सकाळी वर्ग चालू असताना तो नवरा जिना चढून आला. त्याने मावशींचे केस धरले आणि डोकं फळ्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. खडूच्या अक्षरांवरून रक्त ओघळलं. आम्ही सहाही जणी जागच्या हललो नाही. मावशींच्या हाताला लोखंडी खुर्ची लागली, ती त्यांनी त्याच्या गुडघ्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली कोसळला, तरी त्यांनी आणखी एकदा घातली. मग खालच्या दुकानदाराला हाक मारून पोलिसांना बोलवायला सांगितलं.

बोलोन्याला निघण्याआधी मी त्यांना भेटायला गेले. त्या दिवशी उठले नाही याची लाज वाटते, असं कसंबसं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या.

"भ्याली तू. मी सोळा वर्षं भ्याले," त्या म्हणाल्या, आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

वर्षभरात त्या गेल्या. डोक्याच्या त्या माराने, असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्याकडची माणसं त्यांचा देह वर्गाच्या खोलीतून फुलंब्रीला न्यायला आली, तेव्हा अजून तिथेच असलेल्या वर्गातल्या बाकीच्या पाच जणी जिन्यात बसल्या. एकीला लाथ बसली, एकीचा हात पिरगाळला गेला. कुणी वाट दिली नाही. मावशींना अग्नी त्या पाच जणींनीच दिला, शहरात.