नातीने माझ्याकडे बोट केलं

मी परदेशात मुलाकडे राहतो, तिथल्या वेरिबी गावातल्या एका हॉलमधला धूर अजून माझ्या नाकातून जात नाही. सहा वर्षांची नात दोन महिने घरात, शाळेत, कुठेच तोंड उघडत नव्हती. डॉक्टरची तारीख लांबची मिळाली, म्हणून सुनेने मैत्रिणीचं ऐकून तिला एका उपचारवाल्याकडे नेलं. मी मीठ-मिरच्या ओवाळू म्हटलं तेव्हा याच सुनेने "बाबा, प्लीज" म्हणून नाक मुरडलं होतं.

तो माणूस इथलाच, गोरा. केसात पीस, अंगाला घामाचा वास. म्हणे अमेरिकेतल्या अपाचे आदिवासींची विद्या शिकलोय. कसलासा पाला जाळून पोरीच्या नाकातोंडात धूर सोडत होता. माझे वडील गावात हाडं बसवायचे, पण असलं सोंग कधी केलं नाही. खऱ्या अपाचेने याला दारात उभं केलं नसतं.

मुलगा त्याचं बोलणं मला मराठीत सांगत होता. अपाचे लोक म्हणे पोरांना लहानपणापासून शिकवतात, घुबड, अस्वल, साप यांच्या वाटेला जायचं नाही, त्यांच्या भीतीने माणूस आजारी पडतो. मग त्यांचा गाणारा वैद्य आधी शोधतो, भीती कशाची बसली. एवढं मला पटलं. पण तसं दाखवलं नाही.

त्याने नातीला विचारलं, तुला कुणाची भीती वाटते?

पोरीने माझ्याकडे बोट केलं.

"मी चापट मारली नाही हिला कधी!" मी ओरडलो. ती आईमागे लपली.

"बाबा, ती इंग्लिशमध्ये बोलली की तुम्ही तोंड फिरवता," मुलगा म्हणाला. "मराठीत बोल, नाहीतर बोलू नकोस, हे कोण म्हणालं?"

"मग? मी डावखुरा म्हणून वडील जेवताना माझा डावा हात पंच्याने बांधायचे. मेलो का मी?"

"मेला नाहीत. पण चारचौघांत अजून जेवत नाही तुम्ही."

त्या पिसवाल्यासमोर बोलला हे! मी उठून बाहेर गाडीपाशी जाऊन थुंकलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रुगानिनातल्या आमच्या घरात नात आणि मी दोघंच होतो. तिला तूप-साखरेची पोळी गुंडाळून दिली. एक घास खाऊन ती अगदी हळू म्हणाली, "मोअर शुगर."

माझी मान सवयीने वळायला लागली. तिने पोळी तोंडाजवळ तशीच धरून ठेवली होती, आणि नजर माझ्यावर.

"येस," मी म्हणालो. शब्द जिभेवर शेणासारखा लागला. तरी साखरेचा डबा उघडला.