सोमवारी जाणार असलेली गाडी

"मूल गाव सोडलं गा वसंता. धुकं लई हाय, पण टायमावर पोहोचतो. पाहुण्याईले म्हणा, आंघोळी करून बसा." अन्वरभाईंचा हा फोन आला तेव्हा मी मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात आचाऱ्याशी वांग्यांवरून हुज्जत घालत होतो. माझ्या मुलीचं, पल्लवीचं, त्या दिवशी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं आणि मुलाकडच्या वडीलधाऱ्यांना नागभीडहून आणायला अन्वरभाई पहाटेच चंद्रपुरातून निघाले होते. अर्ध्या तासानं त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. मी म्हटलं, बोला भाई. पलीकडे आवाज वेगळाच होता. "तुमी कोन होय? या फोनवर शेवटचा नंबर तुमचा हाय... तुमी या." काय झालं, असं मी विचारलं, तर तो माणूस पुन्हा तेवढंच म्हणाला, "तुमी या." फोन बंद करायचं त्याला सुचलं नसावं. मागून कुणीतरी "हात नका लावू, हात नका लावू" म्हणत होतं, ते मला बराच वेळ ऐकू येत राहिलं.

त्याला आता सात आठवडे होतील. एवढ्या दिवसांत अन्वरभाई कसे गेले याची एक कथा त्यांच्या मोहल्ल्यात पक्की झाली आहे. गाडीच्या मोहानं गेला, असं लोक म्हणतात. विकायला काढलेली गाडी ऐन वेळी विकवेना, मिरवायची हौस फिटली नव्हती, म्हणून शेवटची फेरी मारायला गेला आणि त्या फेरीनंच घात केला. परके लोक बोलले असते तर मी कानाआड केलं असतं. पण त्यांच्या पत्नी, आमच्या शाहीनभाभी, याही येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगतात, आणि सांगताना त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा राग जास्त असतो. ही कथा खोटी आहे. गाडी सोमवारीच जाणार होती, ती मी थांबवली. हे अन्वरभाईंना ठाऊक होतं आणि मला. आता मला एकट्यालाच.

मी मूळचा नागभीडकडच्या धानाच्या गावचा. विजेच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ऊर्जानगरात आलो, तेव्हा एक जुनी मोटरसायकल घेतली होती. तिची सीट फाटलेली. बसस्टँडजवळ सीट कव्हर आणि जीपचे हूड शिवणारा एक पोरगेला मुसलमान कारागीर चांगला आहे असं कळलं, म्हणून गेलो. दुपारी देतो म्हणाले आणि चौथ्या दिवशी दिली. मी चिडलो, तर शांतपणे म्हणाले, "एकच शिलाई मारली असती तं कालच देली असती. मंग पावसाळ्यात तू मले शिव्या देल्या असत्या." वयानं माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे, पण त्या दिवसापासून ते भाई झाले आणि मी 'गा वसंता'. पुढे त्यांनी एक मोडकी जीप घेतली आणि तिचा हूड स्वतः शिवला. बाजूचे पडदे मात्र शेवटपर्यंत लावले नाहीत. थंडीत आम्ही कुडकुडायचो, मी बडबडायचो, पण ते काही ऐकायचे नाहीत. ते म्हणायचे, जंगलातून गाडी डोळ्यांनी नाही, कानांनी चालवायची असते. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सगळे असेच. वानर कुठून खाकरलं, चितळ कोणत्या बाजूला ओरडलं, ते ऐकून पाय ब्रेकवर जायचा. एकदा माझ्या गावाहून परतताना त्यांनी भर रस्त्यात इंजिनच बंद केलं. "ऐक," म्हणाले. मला काही ऐकू आलं नाही. मग वानरं ओरडू लागली, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तो आवाज सरकत आमच्याकडे आला, रस्त्याकडेचा बांबू जरासा हलला... आणि पुन्हा सगळं गप्प. काय होतं ते दिसलं नाही. दहा मिनिटांनी त्यांनी जीप सुरू केली. मी कंट्रोल रूममध्ये काटे आणि दिवे पाहण्यात जन्म घालवलेला माणूस, मला त्यांच्या या कानाची गंमत वाटायची, आणि मी त्यांना त्यावरून छळायचोही.

मग ती गाडी आली. इथल्या एका ठेकेदाराची होती, त्याच्या आधी नागपूरच्या कुणाची, त्याच्याही आधी पुण्याच्या. काळी, रुंद, रस्त्यावर दबा धरून बसल्यासारखी. मागच्या सीटचं कातडं एका जागी उसवलं म्हणून ठेकेदारानं अन्वरभाईंना बोलावलं. त्यांनी त्या शिलाईवरून अंगठा फिरवला आणि माणूस कामातून गेला. चाळीसेक वर्षं लोकांच्या गाड्यांना रेक्झिन चढवलं, पण असा टाका कधी पाहिला नव्हता, असं मला संध्याकाळी सांगत होते, आणि बोलताना हातानं हवेत टाका घालत होते. ठेकेदाराला गाडीचा कंटाळा आलाच होता. पडोलीकडचा प्लॉट विकून अन्वरभाईंनी ती घेतली. त्यांना मिरवायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पहिला आठवडाभर ते गाडी चालवत नव्हतेच, नुसते मागच्या सीटवर बसून टाके पाहत होते. मिरवायचं कुणाला होतं ते पुढे येईलच.

त्या गाडीबरोबर चौदा महिने राहणं सोपं नव्हतं. टायर नागपूरहून आणावे लागायचे. गल्लीत ती वळायची नाही, म्हणून मशिदीमागच्या मोकळ्या जागेत उभी करायची आणि दर तासाला कुणीतरी पाहून यायचं. ऑटोवाले, काळीपिवळीवाले हे त्यांचे खरे गिऱ्हाईक. ते यायचे बंद झाले. "अन्वरसेठ आता आमच्या सीटा काय शिवतीन," असं म्हणत दुसऱ्याकडे जाऊ लागले. पायाखाली जरा दाब दिला की ती अशी उसळायची की छातीवर कुणी हात ठेवून मागे ढकललंय असं वाटावं. मला फार आवडायचं ते. भाभी मात्र त्या गाडीत पुढे कधीच बसल्या नाहीत. तिला त्या गाडी म्हणत नसत, 'ते' म्हणत. "ते उभं करून आले काय?" असं विचारायच्या, आणि दार उघडायच्या आधी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या. भाभींना कोणत्याही नव्या वस्तूची भीतीच वाटते, असं म्हणून आम्ही दोघं हसायचो.

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही जिवतीला गेलो. वरचा घाट गाडीनं असा खाल्ला की जणू सपाटी आहे. काचा बंद, आत गारवा, बाहेरचा एक आवाज आत येत नव्हता. एका वळणापलीकडे रस्ताभर गुरं होती आणि त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी. अन्वरभाईंचा पाय ब्रेकवर जायच्या आत गाडीनं आपणहून ब्रेक मारला. आम्ही पट्ट्यांत लटकलो. पुढची गाय वीतभर अंतरावर होती आणि म्हातारी आमच्याकडे पाहत होती... ओरडली नाही, शिवी दिली नाही, नुसती पाहत राहिली. मी मूर्खासारखा खूश झालो. म्हटलं, "पाह्यलं भाई? गाडीले अक्कल हाय." त्यांनी काच खाली केली. गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा एवढा गलका एकदम आत आला की मी दचकलो. अन्वरभाईंचा चेहरा उतरला होता. "वसंता, एवढ्या घंटा वाजून राह्यल्या, अन् मले एक बी ऐकू नाई आली," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर त्यांनी ती काच वर केलीच नाही.

त्या दिवसापासून ते काचा उघड्या ठेवून चालवू लागले. ऊन असो, धूळ असो, चारही काचा खाली. मलईच्या रंगाच्या त्या सीट मातकट झाल्या, तरी त्यांनी पर्वा केली नाही. पण त्यांचं मन गाडीवरून उडालं ते उडालंच. शेवटी नागपूरच्या एका शोरूमशी बोलणं झालं. ही गाडी घेऊन त्या बदल्यात एक साधी, लहान गाडी देणार होते. सोमवारी माणूस येऊन घेऊन जाणार, असं ठरलं. आणि पल्लवीचं साक्षगंध होतं त्याच्या पुढच्या रविवारी.

आता माझं सांगतो. मुलगा पुण्यात इंजिनिअर, त्याचे काका मोठे शेतकरी, घरी दोन गाड्या. बोलणी झाली तेव्हा त्यांनी सहज विचारलं होतं, आम्हाला घ्यायला काही व्यवस्था आहे का. सहजच असेल, पण ते माझ्या मनाला लागलं. शनिवारी दुपारी मी दुकानात गेलो आणि म्हटलं, "भाई, आठ दिवस थांबवा. पाहुण्याईले त्या गाडीत आनू." ते मशीनवर वाकलेले होते. मान वर न करता म्हणाले, "जीप आनतो ना कोनाची. नाईतं साधी गाडी करू." मी हट्टाला पेटलो. एकुलती पोर, एकदाच होते, एकच फेरी, सकाळी जायचं अन् दहाला परत. त्यांनी मशीन थांबवलं. "मले तिची भेव वाटते गा," असं म्हणाले. मोठ्या माणसानं असं सरळ म्हणावं आणि मी... मी हसलो. म्हटलं, शिवनारा मानूस तुमी, सुईले नाई भेले अन् गाडीले भेता? मग तेही हसले आणि त्यांनी नागपूरला फोन लावून सोमवारचा माणूस पुढे ढकलला. मी वर आणखी म्हटलं, भाभीले नका सांगजा मी म्हटलं म्हणून, म्हणतीन पोरीच्या बापाले मोठेपना पाह्यजे. "नाई सांगत," ते म्हणाले. आणि खरंच त्यांनी सांगितलं नाही. घरी जाऊन म्हणाले, माझंच मन होत नाही, एक फेरी मारू दे.

तेवढ्यावरही मी थांबलो नाही. आदल्या दिवशी मी स्वतः उभं राहून त्या सीट धुऊन घेतल्या. नागभीडच्या रस्त्याचं काम सुरू होतं, धुळीचा लोट उठायचा. संध्याकाळी चावी त्यांच्या हातात देताना म्हटलं, "काचा बंद ठेवजा भाई. पाहुण्याईचे कपडे खराब नाई झाले पाह्यजे." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि "बरं" म्हणाले.

सिंदेवाहीच्या अलीकडे, जंगलाच्या पट्ट्यात, रस्त्याकडेला ऐनाचं मोठं झाड आहे. मी पोहोचलो तेव्हा अन्वरभाईंना दवाखान्यात नेलं होतं, पण नेण्यात काही अर्थ नव्हता हे तिथल्या लोकांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. फोन करणारा माणूस ट्रकवाला होता. टायर पाहायला म्हणून तो पुढे थांबला होता. त्यानं जे सांगितलं ते मी पोलिसांच्या कागदात पाहिलं नाही, कारण तसलं काही कागदात लिहीत नाहीत. तो म्हणाला, "वानरं पाच-सात मिनिटांपासून ओरडून राह्यले होते साहेब. मी म्हटलं, काहीतरी रोह्याईच्या मागं लागलं हाय. मंग दोन रोही धुक्यातून रोडवर आले अन् तेवढ्यात ही गाडी. मले वाटलं थांबन. एवढ्या कल्ल्यात कोनी बी थांबलं असतं." त्या नीलगाई चुकवताना वळलेल्या गाडीचं पुढचं तोंड झाडात घुसलं होतं. मागच्या दोन्ही काचा शाबूत होत्या आणि पूर्ण वर होत्या. सीटवर धुळीचा कण नव्हता. ड्रायव्हरकडचं दार उघडं टाकलेलं आणि डॅशबोर्डवर एक लाल दिवा लुकलुकत होता, सोबत बारीक घंटी वाजत होती. जन्मभर दिवे वाचले, म्हणून वाकून पाहिलं. दार उघडं आहे, बंद करा, एवढंच तो सांगत होता. ते दार मी बंद केलं, तरी तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

साक्षगंध दोन आठवड्यांनी घरातल्या घरात उरकलं. मुलाकडचे एसटीनं आले, आणि कुणालाही काही कमी वाटलं नाही. अन्वरभाईंच्या घरी मी आतापर्यंत चार वेळा सांगायला म्हणून गेलो आणि चारही वेळा चहा पिऊन परत आलो. मागल्या खेपेला भाभी म्हणाल्या, "वसंतभाऊ, त्यायच्यासाठी दुआ कराले बसतो, अन् मधातच राग येते मले. काऊन नाई सोडली त्यायनं सोमवारी? बायको-लेकराहून लोखंड प्यारं झालं काय?" चाळीस वर्षांची दोस्ती, आणि मेलेल्या दोस्तावरचा आळ दूर करायला माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. इतका भेकड माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

निघताना सहज दुकानात डोकावलो. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. अन्वरभाई उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, मराठी बोलायचे पण वाचता येत नसे. भाभी नागभीडच्या मराठी शाळेतल्या. दर रविवारी सकाळी ते मशीनवर शिवायचे आणि भाभी समोरच्या स्टुलावर बसून त्यांना वर्तमानपत्राची ही पुरवणी पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचून दाखवायच्या. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून वाचायची त्यांना सवयच झालेली. मशीनवर आता चादर टाकली आहे, पण स्टूल तिथंच होतं आणि त्यावर परवाच्या रविवारची पुरवणी घडी करून ठेवलेली. मी विचारलं, तर भाभी जराशा ओशाळल्या. "वाचतो अजून. मोठ्यानंच वाचतो. मनात वाचाले येतच नाई मले," म्हणाल्या.

म्हणून हा लेख मी त्याच पुरवणीकडे पाठवला आहे. भाभी, आज रविवार. तुम्ही स्टुलावर बसून इथपर्यंत वाचत आला असाल. त्यांनी सोमवारीच सोडली होती ती गाडी. मी अडवली, काचाही मीच बंद करायला लावल्या, आणि माझं नाव तुमच्यापाशी काढणार नाही हा शब्द त्यांनी पाळला. एवढं त्यांना ऐकू जाईल असं, मोठ्यानं, एकदा वाचा.